किटलीतला आवाज

"उन्हात ठेवलीय? काकू, आत्ताच्या आत्ता उचला ती आणि पाण्यात घाला."

मी फोन कानापासून लांब धरून नंबर बघितला. नंबर बरोबर होता.

"कशात घालू म्हणालात?"

"पाण्यात. पूर्ण बुडेल अशी."

"अहो बाई, आठ दिवस पाण्यातच होती ती! म्हणून तर तुम्हाला फोन केला. आता वाळत घातलीय तर परत बुडवू? डोकं ठिकाणावर आहे ना?"

पलीकडची बाई रागावली नाही. "काकू, हार्ड डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं. तिथनं पुराचं पाणी आत गेलंय, गाळासकट. गाळ ओला असला तर मला धुता येतो. वाळला की आतल्या तबकडीला असा चिकटतो, की मग कुणालाच काही करता येत नाही. नळाचं पाणी नको. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचं पाणी मिळतं बघा, ते आणा. झाकणाचं भांडं घ्या. आणि कॉम्प्युटरला लावून बघितली नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

ते खोटं होतं. पण त्याचं पुढं सांगते.

विश्रामबागेत माझ्या धाकट्या बहिणीच्या गच्चीवर मी उभी होते. सांगलीतला पूर ओसरून दोन दिवस झाले होते आणि अख्ख्या गावानं आपला संसार उन्हात मांडला होता. गाद्या, वह्या, लग्नाचे अल्बम, कुणाची बाजाची पेटी. त्यातच एका चाळणीवर आमची ती हार्ड डिस्क, पत्त्यांच्या कॅटाएवढी. शेजारी खुर्ची टाकून हे बसलेले, कावळा येऊन पापड नेईल म्हणून राखण बसावं तसे.

हे म्हणजे आमचे मालक, भूपाल मगदूम. मार्केट यार्डात एकतीस वर्षं हळदीचे सौदे ह्यांनी पुकारले. पोत्यांच्या रांगांमधनं हे पुढं चालायचे, मागनं व्यापाऱ्यांचा घोळका, आणि ह्यांचा आवाज यार्डाच्या फाटकापर्यंत. घरीसुद्धा हळू बोलणं माहीत नाही. चौतीस वर्षांच्या संसारात त्रिशला म्हणून मला एकदाही हाक मारली नाही, नुसतं "अगं!" पण ते असं, की शेजारच्या तीन बायका ओ द्यायच्या.

त्या वर्षी उन्हाळ्यात तो घसा बसला तो बसलाच. मिरजेच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सरळ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज नाही.

पुण्याच्या एका संस्थेतल्या बाईंनी वाट दाखवली. ऑपरेशनच्या आधी ह्यांनी सोळाशे वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची. त्यावरून कॉम्प्युटरमध्ये ह्यांचाच आवाज तयार होणार. मग हे फोनवर टाइप करतील आणि फोन ह्यांच्या आवाजात बोलेल. वाक्यांची यादी त्यांनीच दिली. काय एकेक वाक्य! 'आज आकाश निरभ्र आहे.' 'मला दोन किलो बटाटे हवेत.' हा माणूस जन्मात कधी बटाटे आणायला गेला नाही, पण वाचलं बिचाऱ्यानं. बसलेल्या घशानं, बावीस दिवस, मधल्या खोलीचं दार लावून. शेवटी शेवटी तर चिडचिडे झाले होते. आतनं मला हाक मारायचे, मी कणकेच्या हातानं पळत जायची, तर हातानंच जा जा म्हणायचे. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी दारात उभी राहून सुनावलं, "काम नाही तर बोलावता कशाला? घसा राखा की जरा!"

ऑपरेशन झालं. हे जरा हिंडते-फिरते झाले की दोघांनी मिळून डिस्क पुण्याला न्यायची, असं ठरलं. तोवर मी ती घरातल्या सगळ्यात भरवशाच्या जागी ठेवली, लोखंडी कपाटाच्या खालच्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डब्याशेजारी. दुसरी प्रत काढून ठेवा, असं त्या संस्थेतल्या बाई दोनदा म्हणाल्या होत्या. सोन्याची कुणी दुसरी प्रत काढतं का? अशी माझी अक्कल.

पाणी घरात शिरलं तेव्हा होडीवाला दारात ओरडत होता. मी लॉकर उघडला, दागिन्यांचा डबा पिशवीत टाकला, घराचे कागद टाकले आणि लॉकर लावला. माझा हात डिस्कला लागलाही होता. होडीत बसल्यावर ह्यांनी वहीत लिहिलं, "डिस्क?" मी मान खाली घातली. त्यानंतर ह्यांनी एकदाही तो विषय काढला नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं मला.

तर गॅरेजमधनं बॅटरीचं पाणी आणलं, बहिणीची दुधाची किटली घेतली, डिस्क तिच्यात बुडवली आणि रस्ते सुरू झाल्यावर आम्ही पुण्याची एसटी धरली. किटली माझ्या मांडीवर. गचके बसतील तसं आतनं टण टण वाजायचं. कंडक्टर येऊन वाकला.

"मावशी, काय हाय वो ह्यात? मासा?"

"आम्ही जैन माणसं, मासा कुठला आणू? आवाज आहे. ह्यांचा."

त्यानं माझ्याकडं बघितलं, ह्यांच्या गळ्यावरची पट्टी बघितली, तिकिटं दिली आणि गप पुढं गेला. कराड सोडल्यावर मात्र परत आला. "मावशी, पुढं रस्ता लई खराब हाय. मागं बसू नका, माझ्या सीटवर या." तिथनं पुण्यापर्यंत तो उभा राहिला.

ऑपरेशननंतर आमचं दोघांचं बोलणं वहीवर चालायचं, नाहीतर बोटांवर. ह्यांचे वडीलही सौद्यातलेच. त्यांच्या काळात भाव तोंडानं बोलत नसत. हातावर टॉवेल टाकायचा, त्याखाली एकमेकांची बोटं दाबायची, की सौदा ठरला. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागायचा नाही. ते ह्यांना येत होतं. त्यावरनं आमचीही एक भाषा झाली होती. तळहात एकदा दाबला की हो, दोनदा दाबला की नाही, करंगळी ओढली की चहा. गाडीत मी दहा वेळा विचारलं, बरं वाटतंय का, आणि ह्यांनी दहा वेळा हात एकदाच दाबला.

फोनवरच्या त्या बाईचं नाव रेहाना मुजावर. नंबर आम्हाला त्या संस्थेतल्या बाईंनीच दिला होता. टिळक रोडच्या मागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाच्या वर तिच्या दोन खोल्या. मला वाटलं होतं कुणी पोक्त बाई असेल. ही पस्तिशीची, काटकुळी, केस घट्ट बांधलेले. तिनं किटलीचं झाकण काढलं, आत बघितलं आणि एकदम खुलली.

"झ्याक! काकू, निम्मं काम तुम्हीच केलंय."

हा शब्द पुण्याचा नव्हे. "गाव कुठलं गं तुझं?" मी विचारलं.

"खरसुंडी. आटपाडीजवळ."

आपल्याकडचीच निघाली म्हटल्यावर मला जरा धीर आला. भिंतीवर तिनं हातानं लिहिलेली पाटी होती: आम्ही तुमच्या फाइली बघत नाही, ऐकत नाही.

"मग नीट आल्या की नाही ते तुला कळणार कसं?"

"फाइल पुरी आली का ते आकड्यांवरनं कळतं, काकू. ऐकायचं काम मालकाचं."

आतल्या खोलीत काचेची एक पेटी होती, आत गाळलेली हवा. धुळीचा कण जायला नको म्हणून. तिनं टोपी घातली, हातमोजे घातले आणि पेटीत हात घालून डिस्क उघडायला घेतली. आम्ही दारातल्या काचेतनं बघत होतो. मी चाळीस वर्षं पुरणपोळ्या लाटतेय, कुणाच्या हातात काय आहे ते मला बघून कळतं. ह्या पोरीचा हात कुठंही घाई करत नव्हता आणि कुठंही अडखळत नव्हता. राईच्या दाण्याएवढे स्क्रू एकेक काढून ओळीनं मांडले. झाकण उचललं. दिवा तिरका करून आत बघितलं. मग थांबली.

"काकू, तुम्ही एकट्या आत येता का जरा?"

आत गेले. तिनं भिंगातनं दाखवलं. आरशासारखी चकचकीत तबकडी, तिच्यावर तांबूस गाळाचे डाग, आणि कडेपासून थोडं आत केसाएवढी बारीक गोल रेघ.

"डाग पुराचे आहेत. ते निघतील," ती हळू आवाजात म्हणाली. "ही रेघ पुराची नाही. ही चालू केली होती."

मग काय लपवणार? "भाच्याच्या कॉम्प्युटरला लावली होती. हे दुपारचे झोपले होते तेव्हा. टक टक टक असं वाजायला लागलं आणि मी घाबरून वायर ओढली. आधी मी सोनं उचललं आणि ही सोडून आले. मग बघू तरी, ठीक असली तर ह्यांना उठवून सांगू, म्हणून लावली. दोन्ही वेळा मीच गं. ह्यांचा आवाज दोनदा मीच मारला."

मी तिथं तोंडात पदर कोंबून रडले. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, "काकू, इथं येणारे बहुतेक सगळे लावून बघतात. आणि सगळेच मला नाही म्हणून सांगतात. पण टक टक ऐकल्यावर लगेच वायर ओढणारं माणूस क्वचित येतं. बाकीचे परत परत लावत बसतात, मग काहीच उरत नाही. तुमची एकच रेघ आहे."

"ह्यांना सांगू नकोस."

"मी आपणहून नाही सांगणार. पण माल काकांचा आहे. त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

मला तिचा राग यायला पाहिजे होता. आला नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही पुण्यातच एका नातेवाइकांकडं राहिलो. रेहाना तबकडी धूत होती. डिस्कमध्ये एक सुई असते म्हणे, जुन्या ग्रामोफोनला असायची तशी, पण ही तबकडीला टेकत नाही, नुसती वरनं तरंगत वाचते. आमची सुई गाळात आणि त्या रेघेत गेली होती. तिच्या जागी दुसऱ्या डिस्कची बसवायची, तर ती डिस्कही तशीच पाहिजे, त्याच कारखान्यातली, जवळपास त्याच महिन्यातली. मी फोनवर लेबलाचा फोटो पाठवला होता तेव्हापासून ती शोधत होती आणि तिला एकच मिळाली होती, नाशिकहून.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं आम्हाला बोलावलं. डिस्क फिरत होती, अगदी हळू गुणगुणल्यासारखी. मी तिथल्या तिथं हात जोडले.

"इतक्यात नको, काकू," ती हसून म्हणाली. "बसा दोघं. आत्ता फक्त अनुक्रमणिका वाचलीय. दोन फोल्डर आहेत. एकाचं नाव 'यादी'. त्यात सोळाशे फाइली. दुसऱ्याचं 'घर'. त्यात त्रेचाळीस."

"घर?" मी ह्यांच्याकडं वळले. "हे काय आहे? कधी केलं?"

हे खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक पाण्याची टाकी होती.

"ऐका," रेहाना म्हणाली. "यादी चांगल्या भागात आहे. 'घर' शेवटी रेकॉर्ड झालंय, आणि ते नेमकं रेघेवर आहे. सुई रेघेवर गेली की झिजणार. बहुतेक मरणारच. दुसरी सुई माझ्याकडं नाही. म्हणून आमची पद्धत अशी, की चांगला भाग आधी काढायचा, खराब सगळ्यात शेवटी. आता ही सुई दुसऱ्याची आहे, उसनी. सोळाशे वाचून होईपर्यंत ती टिकेल, पण मग रेघेवर जायला तिच्यात किती जीव उरेल ते सांगता येत नाही."

"मग कर की तुझ्या पद्धतीनं. यादी आधी."

ह्यांनी माझा तळहात दोनदा दाबला. नाही. वही ओढली आणि लिहिलं, "घर आधी."

"काय बोलताय काय! म्हणजे लिहिताय काय! यादी गेली तर जन्मभर वहीत लिहीत बसाल. यार्डात कुणी विचारणार नाही. नातवंडं आजोबाचा आवाज काय म्हणून ऐकणार?"

ह्यांनी त्याच्या खाली लिहिलं, "यादी जगासाठी. घर घरासाठी."

"असं आहे काय त्यात? सांगा तरी!"

ह्यांनी वही मिटली. मी इतकी तापले होते, की परक्या जागेत आहोत हेही विसरले. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या मालाचा सौदा केला आणि स्वतःच्या मालाची वेळ आली तर असा हट्ट! मी रेहानाला म्हटलं, "ह्यांचं ऐकू नकोस. तू यादी काढ."

"माल काकांचा आहे, काकू."

"अगं, पण..."

ती उठली आणि फोन घेऊन बाहेर गेली. दोन मिनिटांनी आली. त्या संस्थेतल्या बाईंना तिनं एकच गोष्ट विचारली होती: सोळाशे वाक्यं नाही मिळाली तर कमीत कमी किती लागतील? इतक्या दिवसांत हा प्रश्न मला सुचला नव्हता, ह्यांनाही नाही.

"हजारात भागेल म्हणतात," ती म्हणाली. "आवाज जरा खरबरीत होईल, पण काकांचाच होईल." मग ती ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "काका, तुमच्या खांद्यावरचा टॉवेल द्या."

तिनं टॉवेल घेतला, दोघांच्या मधे टेबलावर पसरला आणि त्याखाली आपला हात सरकवला.

"माझे आजोबा खरसुंडीच्या बैलबाजारात दलाल होते. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून हे शिकलेय मी. एका बोटाला शंभर वाक्यं. किती झाल्यावर 'घर'कडं वळायचं, बोला."

तीन महिन्यांत ह्यांचं तसं तोंड मी बघितलं नव्हतं. पाठ ताठ झाली. डावी भुवई वर गेली, यार्डात जायची तशी. हात टॉवेलखाली गेला.

"दोन?" रेहाना किंचाळली. "छ्या, छ्या, काका! दोनशेत मशीन नुसतं खोकेल. माझे चौदा."

टॉवेल हलला.

"चार म्हणताय? गिऱ्हाईक पळवून लावताय होय? बारा घ्या."

टॉवेल परत हलला. हे हसत होते. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते, डोळ्यांतनं पाणी येत होतं. मी एकदा हिच्याकडं बघू, एकदा ह्यांच्याकडं. ह्या पोरीनं माझ्या नवऱ्याला परत बोलायला लावलं होतं, आणि तेही तोंडाशिवाय.

"आता माझं शेवटचं," रेहाना म्हणाली आणि तिचा आवाज बदलला. "दहा. हजाराच्या खाली एक वाक्य नाही, वर एक वाक्य नाही. हजाराव्या वाक्याला सुई ठणठणीत असली, तरी मी यादी सोडणार आणि घराकडं वळणार. शब्द देते."

टॉवेल एकदाच हलला. मग ह्यांनी तो ओढून खांद्यावर टाकला. सौदा पटला होता.

वाचायला सुरुवात झाली. पडद्यावर आकडा चढत होता. शंभर, दोनशे. मधे मधे अडायचा तेव्हा ती बोटानं काहीतरी करायची आणि तो पुढं सरकायचा. जेवायची वेळ झाली, तिनं डबा उघडलाही नाही. मी म्हटलं, भरवू का गं? तर नुसती मान हलवली. नऊशे झाले, साडेनऊशे, आणि सुई कशी छान चालली होती. हजार झाले. तिनं थांबवलं.

मला राहवेना. "अगं, चाललंय तर चालू दे की! अजून सहाशेच आहेत. तास-दोन तासांचं काम!"

"शब्द दिलाय, काकू."

एवढंच. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मी आयुष्यात पुष्कळ शब्द देणारी माणसं बघितलीत, यार्ड म्हणजे त्यांचंच गाव. पण समोर ढीग पडलाय, उचलला तर कुणी विचारणार नाही, आणि तरी हात मागं घेणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

ती रेघेकडं वळली आणि डिस्कचा आवाजच बदलला. मधेच टक. परत टक. भाच्याच्या कॉम्प्युटरवर ऐकलेला तोच तो आवाज. रेहाना आता वेगळीच झाली होती. मशीनचं ती काही ऐकेना. जिथं पुढनं वाचता येईना, तिथं मागनं वाचायला लावलं. टक वाजलं की थांबायची, सुईला दम घेऊ द्यायची, परत जायची. घामानं तिच्या टोपीची कड भिजली होती. एक, दोन, तीन. अर्ध्या तासात अकरा. हे जागचे हलले नाहीत, माझा हात घट्ट धरून बसले. सत्तावीस. तेहेतीस. अडतीस, एकोणचाळीस. आणि मग टक टक टक टक. तिनं त्याच क्षणी बटण दाबलं. डिस्क थांबली.

"गेली," ती म्हणाली. टोपी काढली. "चार राहिल्या, काका. माफ करा मला."

ह्यांनी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ती पोर मघापासून एवढी खंबीर, तेव्हा मात्र तिनं टोपीनंच डोळे पुसले.

मग तिनं कानाला लावायचं यंत्र आणलं आणि ह्यांच्या हातात दिलं. "ऐकायचं काम मालकाचं." स्वतः खिडकीशी जाऊन आमच्याकडं पाठ करून उभी राहिली.

ह्यांनी ते माझ्या कानांवर चढवलं.

"अगं!"

मी दचकून ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांचे ओठ मिटलेले होते. हे फाटकातनं आत येतानाचं होतं, हातात पिशवी असते तेव्हाचं.

"अगं..." हे चष्मा सापडत नाही तेव्हाचं.

"अगं?" मी जागी आहे का झोपले, ते बघायचं.

"अगं ए." भांडण झाल्यावर चहा पाहिजे असतो, पण मागायची लाज वाटते, तेव्हाचं. मग लेकीचा निकाल लागला तेव्हाचं. मग अगदी खोल गेलेलं, ह्यांची आई गेली त्या सकाळी मारलेली हाक. ती मी पंचवीस वर्षांत परत ऐकली नव्हती. एकामागनं एक, एकोणचाळीस. दुसरा एकही शब्द नाही.

मी यंत्र काढलं. ह्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं, "हे यादीत नव्हतं."

मधल्या खोलीच्या दारात मी कणकेचे हात घेऊन उभी होते ते आठवलं. घसा शेवटचे दोन दिवस चालणार होता आणि हा माणूस तो माझ्यावर खर्च करत होता. आणि मी काय म्हणाले? काम नाही तर बोलावता कशाला.

"चुकले वो मी," मी म्हटलं, आणि जे रडायला लागले ते ह्यांना आवरेना. सोन्याचं, वायरीचं, सगळं तिथंच सांगून टाकलं. ह्यांनी ऐकून घेतलं. मग वहीत लिहिलं, "माहीत होतं. मी जागा होतो."

रेहानानं तेव्हा विचारलं नाही आणि आजतागायत विचारलेलं नाही, की त्या फोल्डरमध्ये असं काय होतं. मीच एकदा सांगायला गेले तर म्हणाली, "काकू, पाटी वाचलीत ना?"

ह्याला आता सहा वर्षं झाली. हजार वाक्यांवर उभा केलेला आवाज खरंच जरा खरबरीत आहे, पण हे त्याच आवाजात यार्डातल्या जुन्या मंडळींची टिंगल करतात आणि नातवाला दटावतात. एकदा हौसेनं त्या मशीनवर 'अगं' टाइप केलं. एसटी स्टँडवर गाडी लागल्याचं सांगतात तसं वाजलं. मी ओ दिली नाही. माझ्यासाठी फोनवर एकोणचाळीस बटणं वेगळी आहेत.

दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात रेहानाचा फोन येतो. रामराम नाही, काही नाही, "काकू, प्रती किती?" मी म्हणते, "चार. एक बहिणीकडं, एक लेकीकडं, एक तुझ्याकडं, एक कपाटात वरच्या लॉकरला." दागिने मात्र खालच्याच लॉकरला असतात.

ज्या चार गेल्या, त्या बहुतेक रागाच्या होत्या. एकोणचाळीसांत रागाची एकही नाही, म्हणून म्हणते. ह्यांचं म्हणणं, रागाच्या मी केल्याच नव्हत्या. खोटं बोलतात, पण बोलू देत.

हे बघा, आतनं हाक आली. सतरा नंबरची आहे, चष्म्याची. चष्मा कपाळावरच असणार. तरी जाऊन येते.